शेवटपर्यंत पाहिल्याची शिक्षा

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (लिहिताना साष्टांग; गुडघ्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच केला आहे, हे सांगून टाकतो.) तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल आणि वहिनींची कंबर ताळ्यावर आली असेल, अशी आशा आहे. आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे मी बाहेरच्या खोलीत सुखरूप आहे आणि तुमची बहीण स्वयंपाकघरात सुखरूप आहे. पत्राचं कारण तेच.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही त्या घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या सेवेची वर्षभराची वर्गणी भरलीत, रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसत जा म्हणालात. हेतू सोन्यासारखा होता. पहिला आठवडा बसलोही. आता सोफ्यावर मी, उशी आणि रिमोट असे तिघंच असतो.

दोष चित्रपटांचा आहे. प्रत्येकाची सुरुवात आकाशातून होते: खाली वळणाचा रस्ता, त्यावर एकच गाडी. मग खून. तपास करणारा अधिकारी दाढी वाढलेला, बायको सोडून गेलेला. (हल्ली ती का जाते, हे मला कळू लागलं आहे.) घरात श्रीमंती उतू जाते, पण दिवा कुणी लावत नाही, पडद्यावर निम्मा वेळ मला माझाच चेहरा दिसतो, आणि खरं सांगायचं तर अभिनय त्याचाच बरा असतो. पात्रं कुजबुजतात म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच संगीत अंगावर येतं. शिवाय प्रेक्षक मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलंय, त्यामुळे माणूस दार उघडता उघडता सांगतो की मी दार उघडतोय. ज्यांना आपण बघत नाही याची इतकी खात्री आहे, त्यांनी बनवण्याचे तरी कष्ट का घ्यावेत?

मग बंद का करत नाही, असं तुम्ही विचाराल. दादा, कारखान्यात माझं काम व्हॉल्व्ह तपासण्याचं. गळतोय हे कानाला कळलं, तरी पूर्ण दाबाची चाचणी झाल्याशिवाय त्याच्यावर लाल खूण करायची नाही, हा नियम. तोच मी घरी आणला. अर्धा सिनेमा पाहून त्याला टाकाऊ म्हणणं अन्याय नव्हे का? म्हणून शेवटपर्यंत पाहतो आणि मधे थांबवून दोष तुमच्या बहिणीला समजावून सांगतो. एकदा वाटलं, दोष माझ्यातच असेल. म्हणून तोच सिनेमा पुन्हा पाहिला. दोष माझ्यात नव्हता. तुमची बहीण तेव्हा उठता उठता एवढंच म्हणाली, "अहो, गळतंय हे कळलं ना? मग बादली भरेपर्यंत कशाला बसायचं?"

या प्रामाणिकपणाचं फळ असं, की मी सगळं शेवटपर्यंत पाहतो म्हणून मला तेच आवडतं, अशी त्या यंत्राची ठाम समजूत झाली आहे. रोज तसलेच नवे पाच-सहा आदराने पुढे करतं. माझ्याबद्दल इतका गैरसमज माझ्या साहेबांनीही कधी करून घेतला नव्हता.

परवा मात्र हद्द झाली. खूप शोधून मला एक खरोखर चांगला सिनेमा सापडला. तुमच्या बहिणीला आग्रहाने बाहेर आणून बसवलं. एक दोष निघेल तर शपथ. मी श्वास रोखून पाहत होतो. मध्यावर बाजूला बघतो तर ती नाही. आत भाजी निवडत बसलेली. म्हणजे या भिकार सिनेमांनी तिला चांगल्यालाही पारखं केलं. माझं काय, मी निगरगट्ट आहे. पण तिच्या शेजारी बसण्याची माझी संध्याकाळ गेली, ती मला परत हवी आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. मुख्य मुद्दा राहिला. वर्गणी पुढच्या वर्षी भरू नका. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका, विसरलो म्हणा.

ता. क. (अक्षर माझं आहे, दादा.) पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. वर्गणी भर. एरवी कारखान्यातून आले की "हं" आणि "बरं" यापुढे यांची गाडी जात नाही. सिनेमा वाईट असला की दोन तास माझ्याशी बोलतात. मी आतून सगळं ऐकते, हसूही येतं. परवाचा चांगला लागला आणि तोंडातून चकार शब्द नाही. मग भिंतीशेजारी बसायचं तर भाजी काय वाईट?