दोन सीटांची पिवळी गाडी

३ ऑक्टोबर २००५, सोमवार

गर्भपिशवीला टाका घातला. चौदावा आठवडा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आडवं पडून राहायचं. किती दिवस, विचारलं. "दिवस नाही, महिने." संडास-बाथरूमपुरतं उठायचं. वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. गाडी चालवायची नाही हे दोनदा सांगितलं. यवतमाळात माझी गाडी सगळ्यांना माहीत आहे.

ही वही नवऱ्यानं, अनिकेतनं, तो शिकवतो त्या कॉलेजातून आणली. म्हणाला, यात लिही, नाहीतर दिवसभर माझं डोकं खाशील. खरंय. मला गप्प पडून राहता येत नाही.

५ ऑक्टोबर

पलंग खिडकीला लावून घेतला. खिडकीतून पोर्च दिसतो आणि पोर्चमध्ये ती उभी. पिवळी, फायबरची, दोन सीटांची, वर कापडी टप. मागे सीट नाहीच. एक सुटकेस मावते, तीही कुरकुरत.

चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे पडून होती, पुढचा भाग पार गेलेला. मी विम्याची सर्व्हेअर — रोज ठोकलेल्या गाड्याच बघते, पण हिच्यापुढून पाय निघेना. उकंडा मिस्त्री म्हणाला होता, "ताई, हे गाडी नाई, हे मढं हाय." त्याच उकंडानं दोन वर्षं माझ्याबरोबर रविवार घालवले आणि ते मढं चालतं केलं. दारव्ह्याच्या रस्त्याला टप काढून पहिल्यांदा पळवली तेव्हा मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते. लग्नातसुद्धा एवढी खूश नव्हते. अनिकेतला हे माहीत आहे, त्याला चालतं. त्याला स्कूटरशिवाय काही चालवता येत नाही, तेही मला चालतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

आईंनी — म्हणजे सासूबाईंनी — स्कूटरला हार घातला. शिवणयंत्राला, मिक्सरला, पाण्याच्या मोटारीलासुद्धा. गाडीला नाही.

शेजारच्या प्रभावतीकाकू सोनं द्यायला आल्या होत्या. त्यांना आईंनी बाहेरच्या खोलीत ऐकवलं, "त्या पिवळ्या डबीनं दोन लेकरं खाल्ली माह्या घरची. तिची कायले पूजा?" माझं दार सताड उघडं. मला ऐकू यावं म्हणूनच बोलल्या. गाडीचं नाव घ्यायचं आणि मला बोलायचं, ही यांची जुनी रीत.

दुपारी उकंडा येऊन आरशाला झेंडूची माळ अडकवून गेला. आईंनी त्याला चहा दिला, पण बोलल्या नाहीत.

२० ऑक्टोबर

लिहूनच टाकते.

पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. त्या आठवड्यात मी आर्णीला दोनदा जाऊन आले होते. दुसरं पाचव्यात, या जानेवारीत. महागावला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली होती. सर्व्हे करून परत येताना पोटात कळ आली. घरी पोचले तेव्हा सीट भिजलेली होती. आईंनी ती पाहिली. तेव्हापासून गाडीनं लेकरं खाल्ली.

खरं कारण डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या वेळी सांगितलं. माझ्या पिशवीचं तोंडच कमजोर आहे. वजन वाढलं की आपोआप उघडतं. जन्मजात. "गाडीचा काही संबंध नाही. घरी बसला असतात तरी हेच झालं असतं." मी आणि अनिकेतनं ऐकलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही. मीच म्हटलं, नको सांगू.

म्हणजे मी, जी लोकांच्या फॉर्मवर हानीच्या कारणात एक शब्द खोटा चालू देत नाही, ती स्वतःच्या घरात गप्प बसले. गाडीवर जातंय तर जाऊ दे म्हटलं. लाज वाटते. पण सांगवत नाही.

१ नोव्हेंबर

दिवाळी. फराळ पलंगावर. आईंनी न्हाऊ घातलं, केसांच्या गाठी सोडवत बसल्या, एकही केस ओढला गेला नाही. हात एवढा हलका आणि जीभ अशी!

१४ नोव्हेंबर

विसावा आठवडा. टाका धरून आहे.

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. सातव्या-आठव्यात कळा आल्या तर इथे वेळ घालवायचा नाही, सरळ नागपूर. डाव्या कुशीवर झोपवून न्यायचं, बसवून नाही. मग खिडकीतून गाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "यात झोपवणार कुठे?" अँब्युलन्सचं विचारलं तर म्हणाल्या, मिळेल ना, पण त्या वेळी मिळायला पाहिजे.

अनिकेत काही बोलला नाही. बोलायला पाहिजे होता. तो बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

१५ नोव्हेंबर

मीच बोलले. गाडी विकू, जुनी मारुती व्हॅन घेऊ. मागचं सीट काढून गादी टाकता येते.

आणि आई म्हणाल्या — नको!

"राहू दे तिले तिथंच. पडून राहीन गाडी. कायले विकता?"

मी थक्क. वर्षभर जिला शिव्याशाप दिले ती विकायची म्हटली तर नको? व्हॅनचं काय, विचारलं तर म्हणे भाड्यानं बोलावू कोणाची. अनिकेत हसला. मी नाही हसले. ही बाई मी उत्तर म्हटलं की दक्षिणच म्हणणार.

१६ नोव्हेंबर

पण काल तो "नको" ऐकून मला आतून बरं वाटलं. का, ते दिवसभर शोधलं. सापडलं, आणि आवडलं नाही.

गाडी दारात आहे तोवर दोष तिच्याकडे आहे. ती गेली, आणि हे तिसरंही गेलं, तर कारणाला मी एकटीच उरते.

एवढंच आहे. बाकी टप, वारा, दारव्ह्याचा रस्ता, सगळं त्याच्यानंतर.

२२ नोव्हेंबर

विकायचीच. पोट मोठं की भीती मोठी?

पडल्या पडल्या स्वतःच्या गाडीचा सर्व्हे रिपोर्ट लिहिला. फायबरला तीस टक्के घसारा, रबराला पन्नास, काचेला शून्य. आधी अपघात झालेली. चासी सरळ करून घेतली आहे. सत्तरच्या वर डावीकडे ओढते. अनिकेत म्हणाला, हे शेवटचं कोण लिहितं? मी लिहिते.

२७ नोव्हेंबर, रविवार

एक गिऱ्हाईक. इथलाच कोणी कॉलेजातला मुलगा, बरोबर काका. टप चढवलेला, आत बसलेला तो मला दिसेना, फक्त ऐकू आलं. थंड इंजिनावर अॅक्सिलेटर दाबत राहिला, दाबत राहिला. मग क्लच न दाबता गिअर घातला. मी खिडकीतून ओरडणार होते, आईंनी खांद्यावर हात ठेवला — "पडून राह्य. टाका हाय पोटात." रिपोर्ट वाचून काका म्हणाले, एवढ्या खोडी असतील तर कशाला? गेले.

आईंचा चेहरा उजळला. मी पाहिलं ना.

४ डिसेंबर

दारव्ह्याहून प्रेम राठोड आले, बायको वर्षाबाई बरोबर. गाव त्यांचं जवळचा तांडा, धंदा दारव्ह्यात — बँड, मंडप, वरातीची सजावट. आत येऊन माझ्याशी बोलले, हे बरं वाटलं. वर्षाबाई माझ्या पायाशी बसल्या, कितवा विचारलं, मग आपल्या बोलीत नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी भाव पाडला नाही.

डावीकडे ओढते हे मी सांगितलं. "मॅडम, नवरदेवाले सत्तरच्या वर कायले न्याचं? बँडच्या मांगं चालाची हाय ते." म्हणाले, यंदा कापसाला भाव नाही, लोक घोडा सांगत नाहीत, मंडप लहान करतात, एकाच मांडवात दहा-दहा लग्नं लावतात. पण अशी उघडी गाडी दिली तर दहाही नवरदेव पाळीपाळीनं बसतील.

माझी गाडी. बँडच्या मागे. पायी चालणाऱ्यांच्या वेगानं.

रडू आलं ते थोपवून सांगितलं, इतकं हळू चालवली तर इंजिन तापेल, पंख्याचं बटण डॅशबोर्डच्या खाली आहे, वरात निघाली की आधी ते चालू करा. त्यांनी वर्षाबाईंना ते लिहून घ्यायला लावलं. द्यायची तर यांनाच.

११ डिसेंबर, रविवार

गेली.

उकंडा सकाळीच येऊन पुसत बसला होता. चाव्या मी पलंगावरूनच दिल्या. पहिला गिअर, दुसरा, कोपऱ्यावर परत पहिला — प्रेम राठोड नीट चालवतात. आवाज दत्त चौकापर्यंत ऐकू आला असं मला वाटलं, अनिकेत म्हणतो शक्य नाही.

आई आत होत्या. जेवल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, अॅसिडिटी.

१९ डिसेंबर

आईंचं काहीतरी बिनसलंय. डोळे सुजलेले, सारखी चिडचिड. प्रभावतीकाकू सहज म्हणाल्या, "बरं झालं, गाडी गेली. आता आभानं तेवढं जपलं म्हणजे झालं." तर आई त्यांच्या अंगावर गेल्या — "ते जपतेच हाय! तिच्या जपण्यावर काय हाय त्यात?" काकू चहा अर्धा ठेवून गेल्या.

मला काही कळत नाही. भांडायचं तर माझ्याशी भांडा म्हणावं.

८ जानेवारी २००६

व्हॅन आली. पांढरी, डबडी, माझ्या लेखी भाजीच्या गाडीहून बरी नाही. उकंडानं मागचं सीट काढून गादी बसवली.

अनिकेत छत्तिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकतोय. आज अंगणातून बाहेर काढताना चार वेळा बंद पडली. मी आतून हसले, पोट धरून, आणि मग घाबरून हसणं थांबवलं.

२३ जानेवारी

तिसावा आठवडा. बाळ लाथा मारतं. एवढं पुढे कधीच आले नव्हते.

१ फेब्रुवारी, नागपूर

आज वही उघडली.

सोमवारी सकाळी साडेनऊला पाठीत कळ. अर्ध्या तासात दुसरी. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, निघा. अँब्युलन्स वणीकडे गेलेली. उकंडा गावाला. मग अनिकेतच.

मी गादीवर डाव्या कुशीला, आई उशाशी. मला फक्त छत दिसत होतं, पण इंजिन ऐकू येत होतं. दुसऱ्यावरच पळवत होता, घाबरून. मी सांगत गेले — तिसरा टाक. आता चौथा. चढ आहे, खाली घे. कळ आली की माझं बोलणं थांबायचं, तो मागे वळून बघायचा, मी म्हणायचे पुढे बघ.

कळंबच्या अलीकडे गाडी थांबली. रास्ता रोको, कापसाच्या भावासाठी. रस्ताभर बैलगाड्या आडव्या, कापूस भरलेल्या. अनिकेत उतरला, बोलायला गेला, त्याचा आवाज फुटेना. तेव्हा आई उतरल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला, मोठा, न रडता. "मांगं सून हाय. दोन गेले हायेत तिचे. हे तिसरं हाय." एवढंच. मग बैलांच्या घुंगरांचा आवाज, कोणीतरी "घे रे, घे बाजूले", आणि आम्ही निघालो. काचेतून एका म्हाताऱ्याचा हात दिसला, वाट दाखवणारा.

मुलगी. दुपारी तीन चाळीसला. दीड किलो. रडली, पण थोडंसंच. लगेच काचेच्या पेटीत नेली.

२ फेब्रुवारी

बहात्तर तास धोक्याचे सांगितलेत. वर्षाबाईंचा फोन आला होता, कुठून कळलं कोण जाणे.

४ फेब्रुवारी

श्वास स्वतःचा घेते. नळी काढली. अनिकेत कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून रडला. मी काचेतून बघत उभी राहिले — चार महिन्यांत पहिल्यांदा एवढा वेळ उभी.

आईंना आज खरं सांगितलं. गाडीचं काही नव्हतं आई, माझ्यातच दोष होता, मी लपवलं. त्या "हूं" म्हणाल्या आणि दूध आणायला गेल्या.

५ फेब्रुवारी

आज आई स्वतःहून बोलल्या, डबा उघडता उघडता. "मले माईत होतं. डाक्टरीणबाईनं मले बी सांगतलं होतं, तवाच."

मग तुम्ही वर्षभर गाडीला का—

"घराले दोष द्यायले काहीतरी लागते, आभा. मी गाडीवर ढकलला. गाडी विकली तवापासून मले झोप नाई. हे बी गेलं असतं तं लोकं कोणाले म्हनले असते?"

त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला.

"अनिकेतच्या आंधी माहे तीन गेले. तिन्ही बार मलेच म्हटलं सगळ्यायनं. तवा आमच्या घरी सायकल बी नव्हती."