आवाज येतो, चित्र येत नाही

निनाद,

फोन चार्जिंगला लावून तसाच गेलास, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चिकटवते आहे. तिथे तरी तुझं लक्ष जाईल. तुझ्या आईंना गाडीत बसवायला मी आणि रेवा काचीगुडा स्टेशनवर निघालोय. नवी हार्ड डिस्क आणायला तुला नेमका आजचाच मुहूर्त सापडला.

रेवाचा शाळेतला बतुकम्माचा नाच आईंना बघायचा होता, एवढंच. सगळे व्हिडिओ तू कॉम्प्युटरवरच्या तुझ्या त्या लायब्ररीत हलवलेस आणि आमचे फोन रिकामे केलेस. आता ब्राउझरला तो फॉरमॅट चालत नाही. निदान हा एक पेन ड्राइव्हवर घालून दे म्हटलं, तर "थांब, सगळेच एकदम कन्व्हर्ट करतो." महिनाभर हेच ऐकतेय. डोकं उठलं माझं.

निघण्याआधी मीच लावून बघितला. आवाज येतो, चित्र येत नाही. आई काळ्या स्क्रीनसमोर बसून नाचातल्या टाळ्या ऐकत होत्या आणि यातली रेवाची टाळी कुठली, असं मला विचारत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उलट त्याच म्हणाल्या, "असू दे गं, सवय झाली आता. महिनाभर निनादचाही आतल्या खोलीतून नुसता आवाजच येत होता की."

डिस्क तशीच ठेव आणि मेट्रोने नीघ, गाडी सुटायच्या आत पोचशील. फलाटावर येऊन काही समजावत बसू नकोस. नुसता दिस त्यांना.

केतकी