मडक्यातली हुमणी

तीर्थरूप नाना,

शाळा सुटली, मुलं गेली, आणि मी अजून ओसरीवरच बसून आहे. उठवत नाही. आज जे झालं ते विचारायला तुमच्याशिवाय माणूस नाही. म्हणून तुम्ही गेलात हे ठाऊक असूनही लिहिते. आणखी कुणाला लिहू?

बेला गावातली ही शाळा तुम्ही पाहिली नाहीत. गोठ्याला लागून ओसरी, खाली बसणारी मुलं, त्यात मुली मोजक्याच. मुआयन्याला, शाळा तपासायला, साहेब येतात ते आधी हजेरी बघतात. मुली गळाल्या तर शाळा बंद होईल, ही धास्ती मला रोजची. "कुसुम, तू काळजीला निमित्त शोधतेस," असं तुम्ही म्हणायचात. या वेळी शोधावं लागलं नाही!

आपल्या बोथ गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून तहसिलीतून आल्यावर तुम्हीच मला शिकवायचात. एकदा परसातल्या शेणखतातून पांढरी, वाकडी हुमणी तळहातावर घेऊन आलात. म्हणालात, "हिचाच भुंगेरा होतो. मृगात मातीतून वर येतो." मी किंचाळले, तुम्ही हसलात. किती सहज सांगितलंत! आणि मीही तितक्याच सहज ते माझ्या मुलांना सांगितलं.

त्यांना पटेना. ज्वारीची मुळं खाणारी हुमणी वेगळी आणि बाभळीवरचा भुंगेरा वेगळा, असंच इथे सगळे मानतात. मैना नावाची मुलगी कपाळावर सोनकिड्याच्या पंखाची हिरवी टिकली लावून येते. तिनं टिकलीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, मंग हा बी आदी अळीच व्हता का?" तिचं तोंड पाहून सगळे हसले. मग आम्ही एका मडक्यात माती आणि शेणखत भरून त्यात हुमणी सोडली. मुली आळीपाळीनं पाणी शिंपडतात. दिवाळीनंतर ती खोल गेली, ती अजून कुणाला दिसलेली नाही.

आज मैनाची आई गंगूबाई आणखी बायकांना घेऊन आली.

"बाई, आमी वावरातून येचून येचून कोंबड्याले घालतो, अन् तुमी पाळून राह्यल्या? ज्वारी काय तुमच्या मडक्यात पेरू?"

बायका हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण ती पुढे म्हणाली, "फेका ते. नाही त मैना उद्यापासून माह्यासंगं कापूस येचाले येते."

मी म्हटलं, "हिचा भुंगेरा होतो. तो मुलांना बघू द्या."

"तुमी पाह्यला?"

"नाही. माझ्या वडिलांनी सांगितलं."

"त्यायनं पाह्यला?"

नाना, पाहिला होता का हो तुम्ही? की तुम्हीही कुणाकडून ऐकलेलं? मला कधी मृगापर्यंत वाट बघायला का नाही बसवलंत? सांगून मोकळे झालात! 'हो' म्हणणं सोपं होतं. मैना डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"ठाऊक नाही म्हन्ते मास्तरीण!" मागून एक बाई म्हणाली.

गंगूबाई मात्र हसली नाही. मडक्याशी उकिडवी बसून मातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले बी ठाऊक नाही. तोंडाले फडकं बांधा, घट्ट. निंघन तवा पयले मले बोलवा. पाह्यतो, मंग टाकतो कोंबडीले."

"आये, कोंबडीले नको वो!"

"तू गप. उद्या टायमावर शाळेत ये."

म्हणजे मैना येणार. पण आनंद करण्याइतकं त्राणच उरलं नाही, नाना. मृगापर्यंत हे मडकं सांभाळायचं. आत काही जिवंत आहे की नाही, देव जाणे. रोज हात शिवशिवतो, पण उकरलं तर असेल तेही मरेल.

तुम्हाला एक वचन देते. फडकं सोडीन ते गंगूबाईसमोर आणि सगळ्या मुलांसमोर. एकटी आधी डोकावणार नाही. भुंगेरा निघाला तर तुमचं नाव घेऊन सांगीन. नुसती माती निघाली, तर तुमची बाजू सावरायला काही रचणार नाही. नानांचं चुकलं असेल किंवा माझं, असंच म्हणेन आणि मुलांना घेऊन दुसरी हुमणी शोधायला जाईन.

रागावू नका.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
कुसुम