छत्तीसच्या पुढे जाणारा कॅमेरा

५ जानेवारी १९८६

निश्चय: या वर्षी कॅमेरा घ्यायचा. साधा डबा कॅमेरा नाही, एसएलआर.

कारण: छंद. दुसरं काही नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. बाईने कशात तरी मन रमवावं असं सगळेच म्हणतात.

भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोशी याचा संबंध नाही. तो ह्यांच्या भावाच्या, सहदेवभावोजींच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. डोळे धूसर, आणि कडेला कुणाचा तरी खांदा आलाय. हे गेले तेव्हा घरात ह्यांचा एकट्याचा फोटोच सापडला नाही. म्हणजे एक होता, एलिफंटाला डबा कॅमेऱ्याने काढलेला. त्यात ह्यांचं डोकं नाही.

आता घरात आम्ही सासू-सून दोघीच. आईंचं वय झालंय. त्यांच्या बाबतीत असं व्हायला नको. पण मुख्य कारण छंद.

१२ जानेवारी

वाचनालयातून फोटोग्राफीचं पुस्तक आणलं. तुम्हालाच हवंय का, असं तिथल्या माणसाने दोनदा विचारलं. चौथीपर्यंतच शिकले हे काय कपाळावर लिहिलंय?

एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. ज्या काचेतून फोटो निघणार तिच्यातूनच आपण बघतो. जे दिसतं तेच येतं. डोकी उडत नाहीत. हे वाक्य दोनदा वाचलं.

रोल घालायचं प्रकरण सोपं वाटलं म्हणून ओलांडलं. मी ब्लाउज शिवते, रोज बॉबिन भरते.

२० जानेवारी

एक पाटली मोडली. नाहीतरी घालायची नव्हतीच.

शेजारच्या नंदाला घेऊन फोर्टला गेले. दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले, दोन्ही जुने. जपानी होता नाजूक, दागिन्यासारखा, किंमतही दागिन्याची. रशियन होता तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो. नंदा म्हणाली, अगं, हा कॅमेरा आहे की वरवंटा? गळ्यात बांधून विहिरीत उडी मारायला बरा.

रशियन घेतला. वस्तू जड असली की टिकते.

फ्लॅश नाही घेतला, उजेड फुकट मिळतो. तीन पायांचा स्टँड नाही घेतला, घरात स्टूल आहे. पिशवी घरीच शिवली, ह्यांच्या कॉर्डरॉयच्या पँटची. कापड दणकट आहे म्हणून. बाकी काही मनात नव्हतं. तरी पँटचा एक पाय शिल्लक ठेवला.

२ फेब्रुवारी

नाक्यावरच्या स्टुडिओतून रोल आणला. ब्लॅक अँड व्हाइट, छत्तीस फोटोंचा. काशीराम म्हणाला, वहिनी, रोल मी चढवून देतो ना, पाच मिनिटांचं काम. ह्यांना हा दादा म्हणायचा. ह्यांचा फोटो मोठा करून दिला तोही यानेच, तेव्हापासून मला बिचारी समजतो. म्हटलं, नको, मला येतं.

घरी येऊन घातला. बॉबिनच्या दोऱ्याचं टोक ठेवतो तसं टोक मोकळं ठेवलं आणि झाकण लावलं. एकदाही अडकलं नाही.

९ फेब्रुवारी

आईंना गॅलरीत स्टुलावर बसवलं. त्यांना म्हटलं नाही कशासाठी ते. म्हटलं, शिकतेय. आई म्हणाल्या, शेवंते, तुका हाराचो फोटो होयो मा? मगे बरो काढ. थांब, बरा लुगडा नेसान येतंय.

मी म्हटलं, काहीतरीच काय. त्या हिरवं इरकली नेसून आल्या, केसांना तेल लावून. सगळ्या मजल्याने बघितलं. सुंदराबाई वरच्या मजल्यावरून ओरडल्या, म्हातारे, दात लावून बस गो. आई हसल्या. हसताना त्यांचा डावा डोळा पूर्ण मिटतो. ह्यांचाही मिटायचा.

त्या हसण्याचे सलग चार काढले. ह्यांच्यासारखं हसतात म्हणून नाही, उजेड चांगला होता.

एक समजलं. खटका दाबला की आत क्षणभर काळोख होतो. आरसा वर जातो म्हणे. म्हणजे जो क्षण फोटोत येतो, नेमका तोच आपल्याला दिसत नाही. फोटो धुतल्यावर बघायचा. चालेल.

२३ फेब्रुवारी

आता हात बसलाय. आई सुकट निवडताना. आई वर्तमानपत्र उलटं धरून. आई झोपलेल्या. हा काढल्यावर लगेच हलवून जागं केलं, तर शिव्या खाल्ल्या.

वस्तू मजबूत आहे. डावीकडची किल्ली कितीही फोटो काढा, जराही हलत नाही. पक्की बसवलीय.

१ मार्च

आई शिमग्याला गावी जाणार. भावोजी न्यायला आलेत. चार दिवसांची पाहुणी ट्रंक नेत नाही, पितळेचा डबा नेत नाही, असं नंदा म्हणते. नंदाला सवय आहे नको तिथे नजर घालायची. शिमगा झाला की आई परत येतील. गावात त्यांना माझ्या हातची भाकरी कुठे मिळणार?

४ मार्च

आई गेल्या. एसटी निघताना शेवटचा काढला, खिडकीतला. म्हणाल्या, आता पुरे गे, माका काय सिनेमात धाडूचा आसा? मग हात धरून म्हणाल्या, पण फोटो धाड. मेल्यार मी कशी दिसतलंय ता माका बघूचा आसा.

काल घरी मोजलं. छत्तीस कधीच झाले. फोटो मोजायची आकड्यांची चकती फिरून परत एकवर आली आणि कॅमेरा चालूच आहे. इतके फोटो जपानी कॅमेऱ्याने दिले नसते. घाईने धुवायला कशाला द्यायचा? निघतायत तोवर काढू.

१६ मार्च

वाण्याच्या फोनवर भावोजींचा फोन. आई विचारते, फोटो झाले काय? म्हटलं, पुढच्या आठवड्यात. अजून निघतायत. रिकाम्या गॅलरीचे दोन काढले. उजेड होता.

३० मार्च

शिमगा झाला. आई आल्या नाहीत. पायाला सूज आहे म्हणे. उन्हाळा संपला की येतील. तोवर रोल संपवून टाकीन.

५ एप्रिल

तार आली. आई काल पहाटे गेल्या.

भावोजींना फोन केला. म्हणाले, वहिनी, बाराव्याला फोटो लागेल, इथे एकसुद्धा नाही. म्हटलं, फोटोची काळजी करू नका, हवे तेवढे आहेत.

६ एप्रिल

काशीरामने काळोख्या खोलीत कॅमेरा उघडला. लगेच बाहेर आला. दिवा लावून मला दाखवलं. फिल्मचं टोक मी ठेवलं होतं तिथेच, तसंच मोकळं पडलेलं. ते चाकाच्या खाचेत अडकवायचं असतं. अडकवलं की फिल्म पुढे सरकते आणि डावीकडची किल्ली फिरते.

मी म्हटलं, रोल खराब असेल. त्याने कॅमेऱ्याचं झाकण हळूच लावलं. मग मी म्हटलं, आई विचारत होत्या रे.

त्याने एक खोका काढून शोधाशोध केली. भावोजींच्या लग्नातल्या ग्रुप फोटोची निगेटिव्ह त्याच्याकडे अजून होती. ती काचेवर धरून म्हणाला, ह्या बघा तुमच्या सासूबाई, दादांना खेटून उभ्या आहेत. ह्यांचा फोटो मोठा झाला तेव्हा मी कशाकडेच बघत नव्हते. तो खांदा कुणाचा, हे मी दोन वर्षं कुणाला विचारलंच नाही.

काशीराम म्हणाला, दादांचा खांदा येईल कडेला, रंगवून पुसून देऊ? म्हटलं, राहू दे. दोन प्रती कर, एक गावाला.

२० एप्रिल

गावाहून परत आले. आईंचा फोटो ह्यांच्या शेजारी लावला. खांद्याला खांदा जुळेल असं वाटलं होतं. जुळत नाही. आईंचा जास्त मोठा केलाय, दोन बोटं वर-खाली होतात. त्या ग्रुप फोटोत कुणी हसत नाहीये.

स्टुलावर बसून कॅमेरा डोळ्याला लावला. दोघं एकाच चौकटीत मावली, डोकी शाबूत. आत रोल नाही, हे या वेळी मला माहीत होतं. तरी खटका दाबला. क्षणभर काळोख झाला, आणि मग दोघं होती तिथेच दिसली.