पहिल्या मंगळवारचा कागद

शनिवार, १४ तारीख, दुपार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे सुखरूप आहोत. धाकटीचा खोकलाही थांबला. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आहे आणि मी कंपनीच्या अतिथिगृहात राहतो आहे. खोली ऐसपैस, चहा मागेन तेव्हा. फक्त दाराबाहेर रखवालदार खुर्ची टाकून बसलाय, आणि माझा मोबाइल साहेबांनी ‘सांभाळायला’ घेतलाय. जावयाचे लाड तरी याहून वेगळे काय असतात!

खिडकीतून नदी दिसते आणि पलीकडे तुझी गॅलरी. भावोजींचा गणवेश चार दिवस दोरीवरच आहे. काढून घे गं. त्यांना निलंबित केल्याचं मला कळलं आहे.

ते कसे आहेत, हे खरं म्हणजे पहिल्या ओळीत विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

सात वर्षांपूर्वी नदीच्या दोन काठांवरच्या दोन्ही देशांचा करार झाला तेव्हा आपल्या घरी केवढं कौतुक! कारखान्यात वायू सुटला तर इकडून फॅक्स, पाच मिनिटांत तिकडून खात्रीचा फोन, आणि मग तुमच्याकडचा भोंगा. फॅक्सपाशी मी, पलीकडच्या नियंत्रण कक्षात भावोजी. ‘मेहुणे-मेहुणे आहेत, फोन उचलणारच,’ असं दोन्हीकडचे साहेब हसून म्हणाले होते. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सराव. भावोजी ‘कागद मिळाला’ म्हणायचे आणि पुढे अर्धा तास तुझे गुडघे, माझं सुटलेलं पोट, मुलांचे मार्क. सरावाचा कागद वहीत नोंदवून ते रद्दीत टाकायचे. तो ठेवून करायचंय काय?

आता ऐक. तू मला लहानपणापासून गडबड्या म्हणतेस, ते उगाच नाही. दर महिन्याला कोण लिहीत बसणार, म्हणून मी जानेवारीतच बारा कागद भरून ठेवतो. वरच्या चौकटीत ‘सराव’वर खूण करूनच. त्या गुरुवारी क्लोरीनच्या टाकीची झडप फुटली. वारा नदीकडे होता. मी खण उघडला, हाताला लागला तो कागद ओढला, वेळ आणि वायूचं नाव घातलं आणि पाठवला. वरची खूण तशीच राहिली.

भावोजी चौकशीत कंठशोष करून सांगताहेत, ‘कागदावर सराव लिहिलं होतं.’ त्यांची प्रत रद्दीबरोबर गेली. आमच्या साहेबांनी नवा कागद करवून घेतला. वेळ तीच, पण खूण ‘प्रत्यक्ष’वर. सोमवारी दोन्ही देशांच्या समितीसमोर मी त्यावर सही करायची आहे.

‘तुम्ही वेळेत कळवलंत, हे खोटं आहे का?’ साहेब म्हणाले. ‘मग बाकीचं कशाला उकरता? गप्प बसायला काय जातं?’

मोबाइल हातात होता तोवर बायको फोनवर रडत म्हणाली, ‘दोन घरं बुडण्यापेक्षा एक बुडू दे.’ ते एक घर तुझं, हे तिलाही ठाऊक होतं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मी काठावर मिठाची गुळणी धरून उभा.

पण ताई, कागद ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली मी कोणालाच सांगितलेली नाही.

भावोजींनी फोन केला होता. गुरुवारी सराव कसा, असा संशय त्यांना आलाच असणार. त्यांनी एकदा नाही, तीनदा केला. मी फोनपासून दोन हातांवर होतो. तोंडावर मुखवटा होता हे खरं, पण तो काढून बोलता आलं असतं. खोलीत वायू आला नव्हता. मी त्यांचा नंबर पाहिला आणि मनात म्हटलं, ‘आत्ता यांच्या गप्पांना वेळ नाही.’ आणि टाकीकडे पळालो.

तुमचा भोंगा वाजला तो चाळीस मिनिटांनी, वास आल्यावर. तोवर म्हातारा नावाडी पाण्यावरच होता. लग्नानंतर तुला पलीकडे नेलं त्याच नावेत गेला तो. त्या दिवशी तू रडत होतीस म्हणून त्यानं तुला वल्हं धरायला दिलं होतं, आठवतं? माझ्या डोळ्यांसमोरून तो हलत नाही. मला फार लाज वाटते, ताई.

खरा कागद साहेबांनी जाळायला सांगितला होता. ‘जाळला’ म्हणालो. तो माझ्या बुटात, तळव्याखाली होता; आता या पत्रासोबत पाकिटात घातलाय. पाठवल्याची वेळ यंत्रानं त्यावर छापलेली आहे. समितीतल्या तुमच्या बाजूच्या बाई आज संध्याकाळी माझी जबानी घ्यायला येतील. साहेब शेजारीच बसतील, तरी त्यांच्यादेखत हे पाकीट बाईंच्या हातात देणार आहे. चिकटवलेलं नाही. बाईंनी आधी वाचावं, कागदाची नोंद करावी, मग तुझ्याकडे आणावं. यानंतर नोकरी राहणार नाही, घर कंपनीचं आहे, आणि पुढची खोली याहून लहान असेल. भीती वाटते. पण सोमवारी ती सही माझ्याच्यानं होणार नाही.

मुलांकडे लक्ष ठेव. बायकोवर रागावू नकोस.

अतिथिगृहाच्या जिन्याखाली एक फोन आहे, नंबर मागे लिहिलाय. रखवालदार ऐकतो, ऐकू दे. पत्र वाचून झालं की भावोजींना म्हणावं, शिव्या घालायला का होईना, पाच मिनिटांत फोन करा. मी जिन्यातच बसलेला असेन. एका घंटीत उचलतो.

तुझा,
गडबड्या