पुढचा बाजार

बा,

तुझं उलथणं अजून माझ्याकडे आहे. दहावी झाल्यावर मी पुण्याला हॉस्टेलवर निघाले, तेव्हा ट्रकच्या पाट्याचा तुकडा तापवून तू ते घडवलंस आणि म्हणालास, "तिथं कोण करून घालणार हाय तुला? घे." आता ते कर्वेनगरला माझ्या गॅसजवळ टांगलेलं असतं. परवा शेजारच्या काकूंनी हातात घेऊन पाहिलं. "अहो, इतकं दणकट हल्ली मिळतं कुठे?" मी म्हणाले, "तुळशीबागेत." जीभ जराही अडखळली नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायचं धाडस तरी होतंय.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. एका संस्थेची दवाखान्याची गाडी पालापालांवर फिरून टीबीची तपासणी करते, तिच्यासाठी आमच्या टीमने फुकट ॲप करून दिलं. मीटिंगमध्ये प्रश्न निघाला, पालावरच्या माणसाचा पत्ता काय लिहायचा? टीमलीड म्हणाला, "सिंपल आहे, लोकेशन सेव्ह करू. गाडी डायरेक्ट तिथेच जाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आणि मला सरकारी दवाखान्याच्या टेबलासमोर उभा असलेला तू दिसलास. नर्सबाई ओरडतायत, "मध्येच औषध सोडलंत? आता पुन्हा पहिल्यापासून!" तू खोकला आवरत म्हणतोस, "सोडलं न्हाई, बाई. गाव सुटलं." तू गेल्यावर तुझ्या पत्र्याच्या पेटीत चार गावांची टीबीच्या औषधाची चार कार्डं निघाली. एकही पुरतं भरलेलं नव्हतं. आपल्या घिसाडी माणसाला पत्ता विचारला की तो गोंधळतो. पुढचा बाजार कुठला, एवढं विचारलं तर शेंबडं पोरही सांगतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. पण बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, "तुला गं कसं माहीत?"

मग एका शनिवारी टीमबरोबर मीही गाडीतून गेले. हिंजवडीच्या पलीकडे, बांधकामाच्या पत्र्यांना लागून तीन पालं होती. एक बाई घण मारत होती, माझ्याच वयाची. तिला खोकल्याची उबळ आली, ती बाजूला झाली आणि भट्टी विझू लागली. माझा हात आपोआप भट्टीला वारा घालायच्या पंख्याच्या दांड्याकडे गेला. मी तो मागे घेतला आणि पर्समधून सॅनिटायझर काढलं. होय, बा, सॅनिटायझर. गाडीतल्या सिस्टरने तिची थुंकी तपासायला घेतली आणि सांगितलं, "मंगळवारी रिपोर्ट घेऊन येतो हं." ती "बरं" म्हणाली. मग सासूकडे वळून आपल्या घिसाडी बोलीत म्हणाली, मंगळवारी कुठले आपण इथे, उद्याच चाकणच्या बाजाराला निघायचंय. सिस्टरला त्यातलं अक्षर कळलं नाही. मला सगळं कळलं. मी गाडीत जाऊन बसले.

मंगळवारी तिथे तीन दगड आणि राख होती. तिला टीबी निघाला होता. दिलेला फोन लागत नव्हता. गाडी आणखी दोनदा त्याच राखेपाशी जाऊन आली, मग आमच्या ॲपने "रुग्ण सापडला नाही" असा शेरा मारून तिचं नाव आपोआप बंद केलं. ते आपोआप बंद करणारा कोड मीच लिहिला होता. मी ऑफिसच्या बसमध्ये बसून रोज ठरवायची, आज सांगू. असे दोन महिने गेले.

शेवटी सिस्टरला फोन केला, म्हटलं, "चाकणच्या बाजारात विचारून बघा ना." तिथल्या घिसाड्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की ती आता मंचरला आहे. बा, ॲपमध्ये आता "पुढचा बाजार" असा रकाना आहे. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. टीमलीडने विचारलं, "हे सुचलं कसं?" मी म्हणाले, "थोडा रिसर्च केला." तुझं अख्खं आयुष्य, आणि मी त्याला रिसर्च म्हणाले.

गेल्या आठवड्यात मंचरला सिस्टरबरोबर मीही गेले. ती बाई ओळखू येत नव्हती. घण आता सासू मारत होती, ती नुसती पंखा फिरवत बसली होती, मध्येच थांबून श्वास घेत. सिस्टरने समोर बसून तिला गोळ्या घ्यायला लावल्या. पाणी पिऊन तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आपल्या बोलीत हळूच विचारलं, कुणाची गं तू?

मी म्हणाले, "काय म्हणालात?"

ती ओशाळली. "काय न्हाई, ताई. चुकलं," म्हणाली आणि पुन्हा पंखा फिरवू लागली.

हा कागद मी उलथण्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे. तिने काय विचारलं ते मला कळलं होतं, बा. तुझं नाव जिभेवर आलं होतं.