गुणीच्या खोलीवर छापा

२ मे, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज एक पान. मन शांत राहतं म्हणे. माझं शांतच आहे, पण सवय असलेली बरी.

आईचा फोन. जूनमध्ये येतेय, तिकीट झालं! उडीच मारली, पण मनात. कारण लायब्ररीत बसलो होतो. व्हिडिओ कॉल मी लायब्ररीतूनच करतो. मागे पुस्तकं दिसतात, आई खूश होते. म्हटलं, आई, बिनधास्त ये, सगळं बघतो मी. तर म्हणाली, तू कशाला त्रास घेतोस, मी गुणीकडे उतरतेय. तुझ्याकडे येईन ना एक दिवस, जाताजाता.

जाताजाता! पोटच्या पोराकडे जाताजाता!

गुणी म्हणजे माझा मावसभाऊ. खरं नाव लिहिणार नाही, वही माझी आहे. मी इथे परदेशात शिकतो, तो शेजारच्या देशात, इथून ट्रेनने चार तास. माझ्याहून तीन महिन्यांनी लहान, आणि तेवढ्यावर मला दादा म्हणतो. हाही त्याचा डावच. लहानपणापासून घरात एकच रेकॉर्ड लागलेली: गुणी लवकर उठतो, गुणी आपलं ताट आपण घासतो, गुणी उलट बोलत नाही.

मी जळत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

३ मे, मंगळवार
झोप झाली नाही. डास असावेत. इथे डास नसतात, पण एखादा असू शकतो.

आईला फोन करून सहज विचारलं, गुणीकडेच का? म्हणाली, त्याच्याकडे कसं नीटनेटकं असतं, उजेड असतो. रोज बघते ना व्हिडिओवर. मागे ते शेल्फ, त्यावर दिवा, ते छोटंसं रोप. मी म्हटलं, अगं रोप काय, कोणीही ठेवतं. म्हणाली, मग ठेव की तू.

संध्याकाळी रोप आणलं.

४ मे, बुधवार
रोपाने मान टाकली. दुकानदाराने फसवलं.

माझ्या खोलीत वाईट काय आहे? त्रयस्थासारखं दारात उभं राहून पाहिलं. खुर्चीवर कपडे आहेत, पण धुतलेले आहेत. निदान खालचे तरी. खिडकीची कडी तुटलीय, ती बुटाच्या नाडीने बांधलीय. उत्तम चालतं. फक्त ते बूट घालता येत नाहीत. टेबलावरच्या मगात काहीतरी हिरवं उगवलंय, म्हणजे रोप तसं आधीपासून होतंच.

शेजारच्या खोलीतला पार्टनर डोकावला. त्याच्या घोरण्यामुळे मी त्याला इंजिन म्हणतो. विचारलं, माझी आई राहील ना रे इथे आरामात? म्हणाला, माझी आई असती तर मी तिला जिन्यावरूनच परत फिरवलं असतं. इंजिनला सौंदर्यदृष्टी नाही.

संकल्प: शनिवारी खोली आवरायची. पलंगाखालूनसुद्धा.

५ मे, गुरुवार
अंघोळ करताना लख्ख प्रकाश पडला. प्रश्न माझ्या खोलीचा नाहीच! प्रश्न गुणीच्या खोलीचा आहे. बाकीची खोली कोणी पाहिलीय? कायम तेच शेल्फ, तोच दिवा, तेच रोप. दीड वर्षात एकदाही कॅमेरा इकडचा तिकडे झालेला नाही. पठ्ठ्या काहीतरी लपवतोय.

प्लॅन: शनिवारी पहिल्या ट्रेनने जायचं. न सांगता. दार उघडलं की मिठी मारायची आणि मिठी मारता मारता फोटो काढायचे. गुणीचं पितळ आईसमोर उघडं पाडायचं. आपण एक शब्द बोलायचा नाही. आई सुज्ञ आहे, फोटो बघून आपणहून माझ्याकडे उतरेल.

हे जळणं नव्हे. ही आईची काळजी. खोली आवरणं पुढच्या शनिवारी.

६ मे, शुक्रवार
तिकीट काढलं. शर्टाला इस्त्री केली. इंजिनला सांगितलं, शेजारच्या देशात चाललोय वीकेंडला, म्युझियम वगैरे बघेन. म्हणाला, तू? म्युझियम? दुर्लक्ष केलं.

गुणीचे तीन मेसेज आलेत. उघडले नाहीत. लगेच उघडले की माणूस रिकामटेकडा वाटतो. असणार काय त्यात? दादा कसा आहेस, दादा जेवलास का. सोमवारी बघू.

७ मे, शनिवार. सकाळी, ट्रेनमध्ये
सीमा ओलांडली. कधी ओलांडली ते कळलं नाही. पासपोर्ट हातात धरून ताठ बसलो होतो, चौकशी झालीच तर काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. कोणी फिरकलंच नाही! फोनवर मेसेज आला, या देशात आपलं स्वागत आहे, तेव्हा समजलं. शेवटी समोरच्या सीटवरच्या काकूंना मीच पासपोर्ट दाखवला. फोटो छान आलाय म्हणाल्या.

झाडं तीच. गाईही त्याच. फक्त पाट्या वेगळ्या. इथे येऊन गुणीने असा काय मोठा तीर मारला, कळत नाही.

उलट दिशेची गाडी धडधडत गेली. सुट्टीच्या दिवशी आमच्या गावात येतं तरी कोण, देव जाणे.

त्याच दिवशी, दुपारी. गुणीच्या खोलीत!
बेल वाजवली. पाच मिनिटांनी घरमालकीणबाई सपाता घासत आल्या. मला बघून टाळीच वाजवली. म्हणाल्या, तू तर तो भाऊ! फोटोतला! गुणी सकाळीच बॅग घेऊन बाहेर पडला, उद्याच येईल, पण तू बस आत. किल्ली लावून दार उघडून दिलं. वर म्हणाल्या, सारखं तुझंच सांगत असतो. भाऊ किती हुशार, सगळं एकटा सांभाळतो, सदा लायब्ररीत असतो. बाईंना माणसांची पारख आहे.

आणि खोली! काय सांगू! शेल्फ आहे. दिवा आहे. रोप आहे. बस्स, एवढंच आहे! खोली कसली, जिन्याखालचा खण. छत उतरतं, त्यामुळे शेल्फसमोरच तेवढं सरळ बसता येतं. तिथे एक स्टूल. बाकी भिंतीला उभी केलेली गादी आणि दोन सुटकेसवर फळी टाकून केलेलं टेबल. खिडकी नाहीच. आई ज्याला उजेड म्हणते तो दिवा आहे! कोपऱ्यात पाइप गळतो, त्याखाली बादली. वर कोणी जिना चढलं की प्रत्येक पाऊल आपल्या टाळक्यावर.

इतका आनंद झाला की उडी मारली आणि छताला डोकं आपटलं.

भराभर फोटो काढले. बादलीचे दोन बाजूंनी. शेल्फवर आम्हा दोघांचा लहानपणचा फोटो आहे, मी सायकलवर आणि गुणी मागून ढकलतोय. मी छान चालवतोय. त्याचा मात्र फोटो काढला नाही. फोनची बॅटरी वाचवायची होती, म्हणून.

सगळे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. खाली फक्त एवढंच: गुणीकडे आलोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आईचा फोन आला. रडत होती. म्हटलं, चला, डोळे उघडले! तर म्हणाली, अरे, पोर असल्या बिळात राहतं आणि कधी एका शब्दाने बोललं नाही! सदा हसतमुख! तू असतास तर पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतंस. मी म्हटलं, आई, मुद्दा तो नाही, मुद्दा पाइपचा आहे. म्हणाली, मुद्दा स्वभावाचा आहे. मावशीला तिनेच फोन केला होता म्हणे, तीही रडतेय, पण अभिमानाने.

मग डोळे पुसून म्हणाली, त्याला आणखी अडचण नको. मी तुझ्याकडेच उतरते.

जिंकलो!! माझी आई माझ्याकडे!

खोलीचा विचार एकदा मनात आला. झटकला.

तेवढ्यात ग्रुपवर गुणीचा फोटो. एक खोली. लख्ख खिडकी, पलंगावर ताणून घातलेली चादर, टेबलावर ताठ उभं रोप. हॉटेलात उतरला वाटतं साहेब, म्हटलं, म्हणून बॅग घेऊन गेला! मग खिडकीकडे लक्ष गेलं. नवी कोरी कडी. आणि खाली भिंतीशी माझे बूट. दोन्ही बुटांत नाडी.

फोटोखाली लिहिलेलं: मावशी, मी सकाळपासून दादाच्या खोलीवर आहे. बघ किती छान ठेवलीय त्याने. तू इथेच उतर.

मग ते तीन मेसेज उघडले. पहिला: दादा, मावशी माझ्याकडे उतरते म्हणतेय, माझी जागा फार लहान आहे रे, तिला कसं सांगू? दुसरा: भेटून बोलू का? शनिवारी येऊ? तिसरा: बिझी दिसतोस. पहिल्या ट्रेनने येतोच.

८ मे, रविवार. परतीच्या ट्रेनमध्ये
त्याने माझ्या पलंगावर झोप काढली, मी त्याच्या गादीवर बादलीचं टपटप ऐकत.

सकाळी त्याचा फोन. म्हटलं, आता चिडेल. मीही तयारीत होतो. तर म्हणाला, बरं झालं दादा, तूच फोटो टाकलेस, मला सांगायचा धीर होत नव्हता. आणि मगातलं ते फेकलं, चालेल ना? इंजिनला आधी विचारलं, तुझा काही प्रयोग तर नाही ना म्हणून. अरे, चीड की एकदा! मी तुझ्या बादलीचे दोन बाजूंनी फोटो काढलेत! माणसाने कधीतरी चिडावं की नाही?

आईने अर्थात ओळखलं. म्हणाली, चादरीचे कोपरे असे तू जन्मात दुमडले नाहीस. स्वतः बिळात राहून तुझी खोली आवरतो आणि नाव तुझं करतो. शीक काहीतरी.

हो, जळतो मी! लहानपणापासून जळतो! माझी खोली, माझी आई, माझा मगसुद्धा, सगळीकडे हाच!

वरचं वाक्य प्रवासाच्या शिणाने लिहिलं गेलं. धरू नये.

१० जून, शुक्रवार
आई उद्या येणार. खोली गुणीने लावली तश्शी आहे. बिघडू नये म्हणून महिनाभर मी बाहेरच्या सोफ्यावर झोपतोय. इंजिन म्हणतो, तुझी खोली भाड्याने दे. रोपाला पाणी घालतो, नवीन पान आलंय. माझ्या हाताला गुण आहे.

दहा दिवसांचा प्लॅन पक्का. नदीकाठ, बाग, माझं कॉलेज, माझी लायब्ररी. फक्त आई आणि मी. मधे कोणी नाही.

१२ जून, रविवार. संध्याकाळी
काल आई आली. घट्ट जवळ घेतलं, वाळलास रे म्हणाली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, आणि तो कुठाय?

टॅक्सीतूनच त्याला फोन लावला. परीक्षा संपलीय ना तुझी, मग त्या गळक्या बिळात कशाला राहतोस, ये इकडे. तो नको नको म्हणाला. खरं ते लिहिलं पाहिजे, तीनदा नको म्हणाला. चौथ्यांदा आईने शपथ घातली. रात्र व्हायच्या आत हजर.

आज सकाळी झोपायचा हिशेब सुरू झाला. पलंगावर आई. खाली गादीवर एकाचीच जागा. काल रात्री मी सोफ्यावर होतो, आज तिथे इंजिनचा पाहुणा आलेला. गुणी म्हणाला, मी परत जातो दादा, तुम्ही दोघं राहा. आई म्हणाली, तू बस रे. आणि दोघं मिळून चादर दुमडायला लागले. एक कोपरा हिने धरला, एक त्याने. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग मीच जातो त्याच्या खोलीत!

आता आई म्हणेल, वेडा का तू. आता म्हणेल.

आई म्हणाली, चालेल. त्याच्या रोपालाही पाणी मिळेल. मधे ये एक दिवस इकडे.

तर मी शेजारच्या देशात आहे. पासपोर्ट कोणी विचारला नाही. घरमालकीणबाईंनी चहा दिला आणि विचारलं, तुम्ही दोघं कधी एका ठिकाणी भेटत नाही का?

आत्ता आईचा व्हिडिओ कॉल आला. दुसरीकडे ताठ बसता येत नाही म्हणून शेल्फसमोरच्या स्टुलावर बसलो. मागे दिवा, रोप. आईने विचारलं, गळतंय का रे फार? मी बादली पायाने बाजूला सरकवली. म्हटलं, छे गं, मजेत आहे, उजेडही छान आहे.

आई इतकी खूश झाली! मागे वळून म्हणाली, ऐकलंस का रे, अगदी तुझ्यासारखा बोलायला लागलाय. मागे गुणी हसला. माझ्या खुर्चीत बसला होता.